विश्लेषण : ‘सायक्लोन’ शब्दाचे जनक हेन्री पिडिंग्टन कोण होते? त्यांचा कोणता इशारा सरकारने ऐकला नाही?

मे महिना लागला किंवा दिवाळी जवळ आली, की मोबाइलवर तो नकाशा फिरू लागतो. बंगालच्या उपसागरात किंवा अरबी समुद्रात एक ठिपका, त्यातून निघालेली वाकडी रेषा आणि रेषेच्या दोन्ही बाजूंना रुंदावत जाणारा पट्टा. वादळ आता कुठे आहे, उद्या सकाळी कुठे असेल, किनाऱ्याला कधी टेकेल हे त्यात एका नजरेत दिसते. जून २०२०मध्ये ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकण्यापूर्वी कोकणात घरोघरी हाच नकाशा पाहिला जात होता. वादळाची अशी रेषा शोधण्यासाठी आज सॉफ्टवेअर अगणित नोंदी चाळते. मात्र, ठिकठिकाणच्या नोंदी गोळा करून वादळाचा मार्ग काढण्याचे हेच काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात कोलकात्यात बसून एक निवृत्त कप्तान कागद-पेन्सिलीने करत होता. हेन्री पिडिंग्टन हे त्यांचे नाव. ‘सायक्लोन’ हा शब्द त्यांनी जगाला दिला. वादळाच्या लाटेबद्दलचा त्यांचा सर्वांत महत्त्वाचा इशारा मात्र सरकारने मनावर घेतला नाही.

पिडिंग्टन कोलकात्यात कसे स्थिरावले?

पिडिंग्टन यांचा जन्म १७९७मध्ये इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात झाला. ते व्यापारी जहाजांवर गेले आणि भारत-चीन सागरी मार्गावर कप्तान झाले. १८३०च्या सुमारास समुद्र सोडून ते कोलकात्यात स्थायिक झाले. वादळे हा सुरुवातीला त्यांचा विषय नव्हताच. भारतातील वनस्पतींची इंग्रजी सूची त्यांनी १८३२मध्ये प्रसिद्ध केली. माती आणि खनिजांचे पृथक्करण ते करत. खनिजांच्या सरकारी संग्रहालयाचे ते अभिरक्षक होते. विद्यापीठाचा शिक्का नसलेला, पण दिसेल त्याची नोंद ठेवणारा हा माणूस एशियाटिक सोसायटीच्या वर्तुळात रमला होता.

पुढे कोलकात्यातील सागरी चौकशी न्यायालयाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. जहाज बुडाले किंवा खडकावर आदळले, तर दोष कप्तानाचा की निसर्गाचा, हे या न्यायालयाला ठरवावे लागे. त्यामुळे वादळातून वाचलेल्यांच्या जबान्या आणि जहाजांच्या नोंदवह्या थेट त्यांच्या टेबलावर येऊ लागल्या. कोण कुठल्या वाऱ्यात सापडला आणि त्याने शिडे कधी उतरवली, हे वाचता वाचता कप्तानांच्या चुका त्यांना दिसत. कित्येकांनी तर वादळापासून दूर जाण्याच्या नादात जहाज नेमके वादळाच्या पोटात नेलेले असे.

वादळ गोल फिरते, हे कसे कळले?

आज शाळकरी मुलांनाही ठाऊक असलेली ही गोष्ट तेव्हा वादाची होती. अमेरिकेतील विल्यम रेडफिल्ड यांनी १८२१च्या एका वादळानंतर पाहिले, की एका भागात झाडे एका दिशेला पडली आहेत आणि काही अंतरावर नेमकी उलट दिशेला. म्हणजे वारा सरळ वाहत नव्हता, भोवऱ्यासारखा फिरत होता. त्यांनी हे १८३१मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षी बार्बाडोस बेट वादळाने उद्ध्वस्त झाले. तिथे बांधकामासाठी पाठवलेले ब्रिटिश लष्करी अभियंते विल्यम रीड यांनी हा विचार पुढे नेला. त्यांचा ‘वादळांचा नियम’ मांडणारा ग्रंथ १८३८मध्ये आला. दुसरीकडे वारा चहूबाजूंनी सरळ केंद्राकडेच धावतो, असे जेम्स एस्पी यांचे म्हणणे होते.

रीड यांचा ग्रंथ पिडिंग्टन यांच्या हाती पडला आणि त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. अटलांटिकमधला नियम बंगालच्या उपसागरालाही लागू पडतो का, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. संधीही लगेच आली. जून १८३९मध्ये उपसागरात मोठे वादळ झाले आणि त्यांनी त्यावरचा पहिला लेख एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लिहिला. मग एकामागून एक वादळांवर ते लिहीत राहिले, ते जवळजवळ आयुष्याच्या अखेरीपर्यंत.

नोंदवह्यांतून वादळ कसे सापडे?

जहाजाच्या नोंदवहीत वाऱ्याची दिशा आणि जोर, हवेचा दाब, वेग, उभारलेली शिडे आणि दुपारी बाराची जागा अक्षांश-रेखांशांत लिहिलेली असते. एका जहाजाच्या वहीतून फार तर इतकेच कळते, की वारा आधी ईशान्येचा होता, मग वाढला, मग अचानक पडला आणि थोड्या वेळाने उलट दिशेने सुटला. त्या कप्तानाला वाटे, आपण दोन वादळांत सापडलो. प्रत्यक्षात त्याच्या डोक्यावरून एकाच वादळाचा शांत मध्यभाग गेलेला असे. अनेक वह्या शेजारी ठेवल्याशिवाय खरे वादळ दिसतच नव्हते.

पिडिंग्टन यांनी मागवायला सुरुवात केली. कप्तान, जहाजमालक, बंदरांवरचे अधिकारी, किनाऱ्यावरचे जिल्हाधिकारी अशा सगळ्यांकडून पत्रे आणि नोंदी येऊ लागल्या. त्या जुळवणे किचकट होते. जुन्या समुद्री रिवाजात दिवस दुपारी बाराला सुरू होई, तर जमिनीवर मध्यरात्री. त्यामुळे एकाच प्रसंगाच्या दोन नोंदींवर वेगवेगळ्या तारखा असत. वादळात सूर्यच दिसत नसल्याने जहाजाची जागा अंदाजाने लिहिलेली असे. ऐन माऱ्यात तर लिहायला सवड कुणाला? म्हणजे सर्वांत मोलाच्या तासांची पाने बहुधा कोरी. हे सारे तपासून ते प्रत्येक जहाज त्याच्या त्या वेळच्या जागी नकाशावर मांडत आणि तिथल्या वाऱ्याचा बाण काढत.

पुढची युक्ती सोपी होती. उत्तर गोलार्धात वादळाचा वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले, तर वादळाचे केंद्र साधारण उजव्या हाताला असते. प्रत्येक बाणाला काटकोनात रेषा ओढायची. दोन-तीन जहाजांच्या रेषा जिथे छेदतील तिथे केंद्र. असे रोजचे केंद्र काढून ठिपके जोडले, की वादळाचा मार्ग. मोबाइलवर दिसणारी ती वाकडी रेषा अशी काढली जात होती. फरक इतकाच, की वादळ होऊन गेल्यावर कित्येक महिन्यांनी.

या पद्धतीने काही विलक्षण प्रसंग उलगडले. नोव्हेंबर १८४४मध्ये ‘ब्रिटन’ आणि ‘रनिमीड’ ही सैनिकांना घेऊन निघालेली दोन जहाजे अंदमानजवळ एकाच वादळात सापडली. एक सिडनीहून कोलकात्याला निघालेले, दुसरे इंग्लंडहून. परस्परांची त्यांना गंधवार्ता नव्हती. रात्री वादळाच्या फुगलेल्या पाण्याने दोघांना प्रवाळाच्या कड्यावरून उचलून खारफुटीत नेऊन टाकले. उजाडल्यावर पाहतात, तर शेजारीच दुसरे जहाज! बहुतेक लोक वाचले. पिडिंग्टन यांना या प्रसंगात रस होता तो पाण्यामुळे. एवढी मोठी जहाजे कड्याच्या पलीकडे न्यायला समुद्र किती चढला असेल?

दुसरा प्रसंग ‘चार्ल्स हेडल’ या जहाजाचा. फेब्रुवारी १८४५मध्ये ते मॉरिशसजवळ वादळात सापडले आणि कप्तानाने वारा नेईल तिकडे जहाज सोडले. सुमारे पाच दिवस ते जोरात धावत होते. तेराशेहून अधिक मैल कापल्यावर ते सुरुवातीच्या जागेपासून फार दूर गेलेच नव्हते. नोंदी नकाशावर मांडल्यावर पिडिंग्टन यांना दिसले, की जहाजाने वादळाच्या केंद्राभोवती पाच प्रदक्षिणा घातल्या होत्या. वादळ गोल फिरते याचा याहून बोलका पुरावा मिळणे अवघड होते.

‘सायक्लोन’ हा शब्द कुठून आला?

हे ज्ञान सोसायटीच्या अंकांत पडून राहू नये, खलाशांच्या हाती जावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी त्यांनी १८४४मध्ये भारत आणि चीनच्या समुद्रांसाठी एक छोटी पुस्तिका काढली. १८४८मध्ये तिचे मोठे रूप ‘सेलर्स हॉर्नबुक’ म्हणून आले. इंग्लंडमध्ये मुलांच्या मुळाक्षरांच्या पाटीला हॉर्नबुक म्हणत, कारण त्यावर शिंगाचा पातळ पारदर्शक पापुद्रा लावलेला असे. पिडिंग्टन यांच्या पुस्तकासोबतही पारदर्शक चकत्या येत. त्यांवर वर्तुळे आणि वाऱ्याचे बाण छापलेले. एक चकती उत्तर गोलार्धासाठी, दुसरी दक्षिणेसाठी. कप्तानाने ती सागरी नकाशावर ठेवायची, आपल्याकडचा वारा बाणाशी जुळवायचा आणि केंद्र कुठे आहे ते पाहून उलट्या बाजूला जहाज काढायचे. आजच्या भाषेत हे खिशातले ॲपच.

याच १८४८च्या पुस्तकात ‘सायक्लोन’ हा शब्द आला. वेटोळे घातलेल्या सापाच्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तो घेतला होता. ही निवड विचारपूर्वक होती. वारा तंतोतंत वर्तुळात फिरतो की आत वळत जातो, याबद्दल त्यांची खात्री नव्हती. म्हणून गोलाईचा बोध होईल, पण अचूक वर्तुळाचा दावा होणार नाही, असा शब्द त्यांनी निवडला. ही सावधगिरी पुढे योग्य ठरली. वारा मळसूत्रासारखा केंद्राकडे वळत जातो, हे नंतर मॉरिशसमध्ये चार्ल्स मेल्ड्रम यांनी दाखवले. त्यामुळे काटकोनाचा नियम ढोबळ ठरला. वादळाच्या कारणाबाबत तर पिडिंग्टन साफ चुकले. वादळ ही विजेची करामत असून ती वरच्या हवेत तयार होऊन चकतीसारखी खाली उतरते, असे त्यांचे मत होते. ते विज्ञानात टिकले नाही. त्यांनी काढलेल्या मार्गांचे मोल मात्र त्यामुळे कमी झाले नाही. कारण न कळताही घटना नेमकी टिपता येते.

आजचे सॉफ्टवेअर हेच काम कसे करते?

पिडिंग्टन यांच्याकडे एका वादळासाठी मोजकीच जहाजे असत. आज अडचण उलटी आहे. उपग्रह, जहाजे, तरंगते नोंदयंत्र आणि हवामान केंद्रे यांच्या नोंदी प्रारूपात घालून साऱ्या पृथ्वीच्या हवेचे चौकोनाचौकोनांत पुनर्चित्र तयार केले जाते. युरोपीय केंद्राच्या ‘ईआरए-५’ संचात १९४०पासूनचे तासातासाचे असे चित्र आहे. यातून वादळे डोळ्यांनी शोधणे अशक्यच. ‘टेम्पेस्ट एक्स्ट्रीम्स’सारखे सॉफ्टवेअर ते दोन पायऱ्यांत करते. आधी प्रत्येक वेळेच्या चित्रात, जिथे दाब सभोवतालपेक्षा ठरावीक प्रमाणात कमी आहे आणि वर उबदार हवेचा गाभा आहे, असे बिंदू शोधायचे. मग एका वेळेचा बिंदू पुढच्या वेळेच्या जवळच्या बिंदूला टाका घालावा तसा जोडायचा. फार थोडा काळ टिकलेले धागे टाकून द्यायचे. उरतात ते वादळांचे मार्ग. पिडिंग्टन यांचे ठिपके आणि रेषाच या.

उष्णतेची लाट, अतिवृष्टी किंवा दुष्काळ यांना मात्र केंद्रबिंदू नसतो. तिथे सॉफ्टवेअर प्रत्येक चौकोनात त्या जागेच्या आणि त्या ऋतूच्या नेहमीच्या मानाने फारच टोकाचे मूल्य शोधते. मग नकाशावर शेजारी असलेले आणि काळात सलग असलेले असे चौकोन एकत्र करून त्याला एक घटना मानते. मग तिचे क्षेत्रफळ, कालावधी, तीव्रता आणि सरकण्याची दिशा मोजता येते. समुद्रातील उष्णतेच्या लाटेसाठी सर्वत्र वापरली जाणारी कसोटी अशी : पाण्याचे तापमान त्या दिवसांच्या नोंदींपैकी ९० टक्के नोंदींपेक्षा जास्त आणि तेही सलग किमान पाच दिवस. उंबरठा थोडा खालीवर केला, तर घटनांची संख्या बदलते. म्हणून कुठला उंबरठा लावला, हे सांगितल्याशिवाय ‘यंदा लाटा वाढल्या’ या विधानाला अर्थ नसतो.

ही पुनर्चित्रे मागेही नेली जात आहेत. अमेरिकी संस्थांनी तयार केलेला एक संच १८३६पासून सुरू होतो, म्हणजे पिडिंग्टन यांचे पहिले वादळ त्याच्या कालखंडात बसते. त्यात हवेतल्या नोंदींपैकी फक्त पृष्ठभागावरचा दाब वापरला आहे आणि एकाच क्षणाची ८० शक्य चित्रे काढली आहेत. नोंदी विरळ असतात तिथे ती एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणूनच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांसह जुन्या नोंदवह्यांतील आकडे शोधून संगणकात भरण्याचे काम अनेक देशांत झाले.

मातला नदीबद्दलचा इशारा काय होता?

पिडिंग्टन यांनी नोंदींच्या पुढे जाऊन एक पाऊल टाकले. ज्या गावावर वादळ अजून आलेच नव्हते, कारण ते गावच वसलेले नव्हते, त्याबद्दल ते बोलले.

कोलकाता बंदर हुगळी नदीवर आहे. १८५०च्या दशकात हुगळी गाळाने भरत चालली, अशी भीती व्यापाऱ्यांना वाटू लागली. पर्याय म्हणून सुंदरबनातील मातला नदीचे नाव पुढे आले. ती खोल, रुंद आणि कोलकात्यापासून जवळ. लॉर्ड डलहौसी यांच्या सरकारने १८५३मध्ये तिच्या काठी जमीन घेतली. खारफुटी तोडून तिथे नवे बंदर उभारायचे ठरले.

पिडिंग्टन यांनी त्याच वर्षी डलहौसी यांना उद्देशून सविस्तर पत्र लिहून ते प्रसिद्ध केले. त्यांचा मुद्दा वाऱ्याचा नव्हता, पाण्याचा होता. वादळात दाब उतरला, की समुद्राची पातळी वर चढते. त्याहून मोठा भाग वाऱ्याने ढकललेल्या पाण्याचा असतो. उथळ किनाऱ्यावर आणि नरसाळ्यासारख्या नदीमुखात या पाण्याला पसरायला जागा नसते, म्हणून ते उंच होत आत घुसते. उत्तरेकडे सरकणाऱ्या वादळात हा मारा मार्गाच्या पूर्वेला अधिक असतो. या वादळी लाटेचे दाखले त्यांनी वर्षानुवर्षे गोळा केले होते. गोदावरीच्या मुखाजवळचे कोरिंगा बंदर डिसेंबर १७८९मध्ये एकामागून एक आलेल्या तीन लाटांनी बुडाले होते आणि नोव्हेंबर १८३९मध्ये पुन्हा. हुगळीच्या मुखावरचे सागर बेट १८३३च्या वादळात पाण्याखाली गेले होते. मातलाचे मुख तर समुद्राकडे सताड उघडे. नवी वसाहत एक ना एक दिवस पाच ते पंधरा फूट खाऱ्या पाण्याखाली जाईल आणि पाणी इतक्या वेगाने येईल, की पळायलाही वेळ मिळणार नाही, असे त्यांनी बजावले.

सरकारने काम थांबवले नाही. यात डलहौसी यांचा फक्त हट्ट होता, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. हुगळीचा गाळ डोळ्यांना दिसत होता. मातलाची लाट फक्त एका माणसाच्या कागदांवर होती. पुढच्या गव्हर्नर जनरलच्या नावाने बंदराला पोर्ट कॅनिंग म्हणू लागले. आपला इशारा खरा ठरतो की खोटा, हे पाहायला पिडिंग्टन राहिले नाहीत. ७ एप्रिल १८५८ रोजी कोलकात्यात त्यांचे निधन झाले.

पुढे काय घडले?

बंदर उभे राहिले. धक्के, गुदामे, हॉटेल झाले. १८६३पर्यंत कोलकात्याहून रेल्वे तिथवर पोहोचली. ५ ऑक्टोबर १८६४च्या चक्रीवादळाने हुगळीतून प्रचंड लाट आत आणली आणि सुमारे ५० हजार माणसे मेली. कोलकाता बंदरातील बहुतेक जहाजांची मोडतोड झाली. एवढे होऊनही पुढच्याच वर्षी पोर्ट कॅनिंगच्या जमिनी आणि गोदी विकसित करण्यासाठी कंपनी निघाली. तेव्हा मुंबईत अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचा पैसा खेळत होता आणि शेअरचे वेड शिगेला पोहोचले होते. सुंदरबनातल्या या बंदराच्या शेअरवरही मुंबईकरांनी उड्या टाकल्या. युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईतला फुगा फुटला.

१ नोव्हेंबर १८६७ रोजी चक्रीवादळ मातलावर आले. पोर्ट कॅनिंगमध्ये सुमारे सहा फूट पाणी शिरले. स्थानक, गुदामे, हॉटेल पडले, धक्क्याची मोडतोड झाली. माणसे आणि गुरे दगावली. गोड्या पाण्याची तळी खारट झाली. पिडिंग्टन यांच्या पत्राला तेव्हा १४ वर्षे झाली होती. जहाजे आधीच फारशी येत नव्हती, ती आणखी घटली आणि काही वर्षांतच सरकारने बंदर सोडून दिले.

१८६४च्या वादळानंतर बंदरांना इशारे देण्याची व्यवस्था करण्याची मागणी वाढली. त्या वादळाचा सविस्तर अहवाल लिहिणाऱ्यांपैकी एक होते हेन्री ब्लॅनफर्ड. १८७५मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले, तेव्हा तेच त्याचे पहिले प्रमुख झाले. वादळानंतर वह्या गोळा करण्याऐवजी वादळ समुद्रात असतानाच तारेने नोंदी मागवणे आता शक्य होते.

२० मे २०२० रोजी ‘अम्फान’ सुंदरबनात धडकले. त्याचा मार्ग आणि वादळी लाटेचा अंदाज हवामान खात्याने आधीच दिला होता आणि लाखो लोकांना हलवण्यात आले होते. कॅनिंग आज उपनगरी रेल्वेच्या शेवटच्या टप्प्यावरचे गजबजलेले गाव आहे. सुंदरबन पाहायला जाणारे पर्यटक तिथे उतरतात आणि पुढे निघतात. लॉर्ड कॅनिंग यांच्या नावाने ओळखली जाणारी एक जीर्ण वास्तू गावात आहे. मातला शेजारून वाहते, पण गाळाने इतकी भरली आहे, की ओहोटीला तिच्यात मोठे जहाज उभे राहू शकेल, असे कुणी म्हणणार नाही.